पावती

ओळखपरेड होती, पण चोरांची नव्हे.
पत्र्याच्या शेडमध्ये टेबल, एक कुरकुरणारा पंखा,
निळ्या टोपीतला परदेशी कारकून,
आणि दोन म्हातारे शेख: एक आमच्या छावणीतला,
दुसरा वाळूच्या भिंतीपलीकडून
विमानाने आणलेला.
चौऱ्याण्णव साल. आई रांगेत,
मी सात वर्षांची, तिच्या मेलफाचं टोक मुठीत धरून.

नाव? न्गिया.
बापाचं? देइश. उंटांना डाग द्यायचा.
आजोबांचं? विहिरीचं नाव सांगू का? तिथेच पुरलाय.
चौऱ्याहत्तरच्या खानेसुमारीत कुठे होतात?
"शेळी अडली होती त्या दिवशी," आई म्हणाली,
"माझा हात तिच्या पोटात.
मोजणारा जीपमधून उतरलाच नाही."

आमच्या शेखने मान हलवली: आमचीच.
पलीकडच्याने आईच्या पायांकडे पाहिलं,
पुष्कळ वेळ पाहिलं.
"ओळखत नाही," म्हणाला.
कारकून लिहायला वाकला, तेवढ्यात
तो म्हातारा हस्सानियात पुटपुटला,
"तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत आता?"
"काय म्हणाला?" कारकुनाने विचारलं.
दुभाषा पंख्याकडे बघत म्हणाला,
"फार उकडतंय, म्हणतो."

एका शिक्क्याची पावती मिळाली.
निकाल नंतर कळवू.

मग मी मोठी झाले. हवानात कायदा शिकले,
समुद्राच्या काठी, ज्या समुद्राची आमची बाजू
मी नकाशात बोटाने चाचपायची.
परतले तेव्हा आईला जागतिक न्यायालयाचं मत वाचून दाखवलं,
पंचाहत्तरचं, थांबत थांबत, तिच्या भाषेत आणत:
त्या भूमीवर सार्वभौमत्वाचा धागा
न्यायाधीशांना कुठेच सापडला नाही,
ना उत्तरेच्या राजाचा, ना दक्षिणेच्या शेजाऱ्याचा.
काय करायचं, ते तिथल्या लोकांनी
मोकळ्या मनाने सांगावं.
आईने विचारलं, "मग सांगितलं का कुणी?"
"विचारलंच नाही, आई."
"आणि इतके मोठे न्यायाधीश गप्प बसले?"
"ते फक्त मत देतात."
ती हसली. "म्हणजे त्यांना तरी देता आलं."

कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये म्हणतात.
तंबूला पायरी नसते.
आम्ही चढलो नाही, उतरलो नाही,
जिथे बसवलं तिथल्या छावणीला
मागे राहिलेल्या गावाचं नाव दिलं, स्मारा,
आणि पत्ता विचारणाऱ्याला दोनदा विचारू लागलो:
कुठली? इथली की खरी?

पलीकडे मैलोन्‌मैल धावणारा पट्टा आहे.
रात्रंदिवस तो आमची जमीन भुकटी करून
बंदराकडे नेतो.
वाऱ्याने उडालेली पांढरी रेघ
वरून, उपग्रहातूनसुद्धा दिसते.
मी आईला फोनवर दाखवली.
तिने काच मेलफाने पुसली, पुन्हा पाहिलं.
रेघ गेली नाही.

पंधरा साली इथे, या कोरड्या हमादात, आठवडाभर पाऊस पडला.
मातीच्या विटा दुधातल्या पावासारख्या बसल्या.
सगळे शेळ्या, गाद्या, पोरं बाहेर काढत होते,
आई बिस्किटांचा डबा घेऊन उभी.
आत पावती. शिक्का पसरून जांभळा ढग झालेला.
भिजत घोंगडं हा शब्दप्रयोग
मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसला.

हल्ली ती चहाच्या पुड्याचे कागद सपाट करते,
चौकोन कापते, दुमडते.
"चिठ्ठीची घडी आत घालायची की बाहेर?"
"आत. कुणाला दिसू नये म्हणून."
"मला दिसलं तर चालेल," ती म्हणते,
पुन्हा उलगडते, पुन्हा नखाने घडी मारते.
पेटीच नाही, तेव्हा टाकणार कुठे?
तूर्तास त्या सगळ्या चिठ्ठ्या
शेगडीच्या लंगड्या पायाखाली सारल्यात.
शेगडी आता हलत नाही.